उत्तरेचा सूर्य आणि घरचा नियम

जैन व्यापारी घरात दिवसाचे माप घड्याळाने नव्हे, सूर्याने घेतले जाते. दुकानात गिऱ्हाईक कितीही असो, संध्याकाळी दिवेलागणीपूर्वी ताट वाढले जाते आणि घरातील वडीलधारी माणसे चौविहाराचे पच्चक्खाण घेऊन मोकळी होतात. महाराष्ट्रात हिवाळ्यातला सूर्यास्त आणि उन्हाळ्यातला सूर्यास्त यांत जेमतेम सव्वा तासाचे अंतर असते. त्यामुळे हा नियम पिढ्यान्‌पिढ्या कुणाला विशेष अवघड वाटला नाही. घराचे सारे कामकाज त्याभोवती आपोआप बेतले गेले होते. परंतु ज्या भूमीवर डिसेंबरात दुपारी पावणेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जूनमध्ये रात्री दहानंतरही तो क्षितिजावर रेंगाळतो, तेथे या नियमाचे काय करावे?

अहिल्यानगरच्या एका धान्य-अडत व्यापाऱ्याच्या मुलीपुढे हा प्रश्न उभा राहिला तो स्वीडन देशातील उप्सला या गावी. शाश्वत विकास या विषयाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ती तेथे गेली. उप्सलाचे विद्यापीठ 1477 साली स्थापन झाले. स्कँडिनेव्हियातील ते सर्वांत जुने विद्यापीठ होय. गाव लहान, मधून फिरिस नावाची छोटी नदी वाहते, आणि साऱ्या वस्तीवर कॅथीड्रलच्या जुळ्या मनोऱ्यांची सावली. हे स्थान साधारण साठाव्या अक्षांशावर आहे.

घरातून तिला निरोप देणाऱ्या दादीजींनी श्रावकाच्या बारा व्रतांपैकी सहावे, दिशापरिमाण व्रत, अनेक वर्षांपूर्वी घेतले होते. चारही दिशांना किती अंतराच्या पलीकडे जायचे नाही, याची मर्यादा त्यांनी आखून घेतली होती आणि ती कधी ओलांडली नव्हती. त्यांच्याच नातीने उत्तरेला इतक्या दूर जावे, याचे घरात अनेकांना नवल वाटले. दादीजींना मात्र वाटले नाही. "मर्यादा माझी आहे, तिची नाही," एवढेच त्या म्हणाल्या, आणि सामानात त्यांनी मुगाची डाळ, सुके खाखरे आणि एक कोरी वही ठेवली.

विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात एका मार्गिकेतील दहा-बारा खोल्यांना मिळून एकच स्वयंपाकघर होते. त्याच कढईत एक जण मासे तळी, दुसरा सॉसेज परती. मुलीने पहिल्याच आठवड्यात आपले एक पातेले, एक तवा आणि एक उलथणे वेगळे काढले व त्यांवर लाल दोरा बांधला. कुणी विचारलेच तर ती शांतपणे कारण सांगे. स्वीडिश मुले-मुली फारशी चौकशी करीत नाहीत. परंतु एकदा कारण कळले की त्या दोऱ्याला त्यांच्यापैकी कुणीही हात लावला नाही. एकमेकांच्या चालीरीतीत न लुडबुडण्याची ही सवय तिला प्रथम कोरडी वाटली. पुढे तिला उमगले की तो त्यांच्या परीने दाखवलेला आदरच आहे.

बाजारहाट हे दुसरे शिक्षण. तेथील जेवणात बटाटा मुख्य. कंदमूळ वर्ज्य असल्याने तो बाद झाला. दुकानातील गोळ्या-चॉकलेटांत जिलेटिन असते. चीज बनवताना घातले जाणारे विरजण पुष्कळदा वासराच्या जठरातून काढलेले असते. पावावर चकाकी यावी म्हणून अंड्याचा हात फिरवलेला असतो. तिने पन्नासेक स्वीडिश शब्द प्रथम पाठ केले, ते नमस्कार-चमत्काराचे नव्हेत, तर वेष्टनावरील घटकपदार्थांचे. मात्र शोधणाऱ्याला तेथेही वाट सापडते. राईच्या पिठाची कुरकुरीत सुकी भाकरी, ओट, कोबी, पिवळे वाटाणे, तपकिरी घेवडा आणि आपल्या पातळ दह्यासारखे 'फीलम्योल्क' हे तिचे रोजचे अन्न झाले. तेथील गोड पावात वेलदोडा सढळ हाताने घालतात. आपल्या श्रीखंडाचा सुवास त्या थंड गल्लीतील भट्टीतून यावा, याचे तिला फार अप्रूप वाटे.

खरी परीक्षा नोव्हेंबरात सुरू झाली. दिवस झपाट्याने आखडू लागला. डिसेंबरात सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवे. त्यानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी नवकारशी. आणि दुपारी पावणेतीनला सूर्यास्त. म्हणजे अन्नपाण्यासाठी अवघे पाच तास, आणि नेमके तेच तास वर्गाचे. घरचा नियम मोडायचा नाही या जिद्दीने ती दोन व्याख्यानांच्या मधल्या दहा मिनिटांत डबा संपवी आणि मग दुसऱ्या दिवशी साडेनऊपर्यंत पाण्याचा थेंबही घेत नसे. खोल्या यंत्राने तापवलेल्या, हवा कोरडी, घसा सुकलेला. तिसऱ्या आठवड्यात ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर तिला भोवळ आली. शेजारच्या खोलीतील मुलीने हात धरून खाली बसवले आणि पाणी पुढे केले. तेव्हा सूर्य मावळून तास झाला होता. तिने ते पाणी घेतले नाही. परंतु खोलीवर येऊन ती खूप रडली. आपण नियम पाळतो आहोत की केवळ हट्ट, हेच तिला कळेनासे झाले.

त्या रात्री तिने घरी फोन केला. वडिलांचे मत स्पष्ट होते: शिक्षण पुरे होईपर्यंत नियम बाजूला ठेवावा, प्रकृती महत्त्वाची. आई गप्प राहिली. दादीजींनी मात्र सगळी हकीकत नीट ऐकून घेतली, दिवस किती वाजता उगवतो व मावळतो हे विचारले आणि म्हणाल्या, "बेटा, पच्चक्खाण शक्ती पाहून घ्यायचे असते. दुकानात आपण भांडवल पाहूनच माल उचलतो ना? चौविहार झेपत नसेल तर तिविहार कर, रात्री उकळलेले पाणी घे. अन्नाचा नियम सांभाळ. आणि ज्या दिवशी तोही जमणार नाही, त्या दिवशी खोटे बोलू नकोस. वहीत लिहून ठेव."

कोऱ्या वहीचा उपयोग तिला तेव्हा कळला. तिने वहीत दोन बाजू आखल्या, जमा आणि नावे. नियम पाळला तो दिवस जमेला, मोडला तो नावे. मोडण्याचे कारणही शेजारी लिहायचे; कधी परीक्षा, कधी ताप, कधी केवळ भूक. शेवटचे कारण लिहिताना हात जड होई, पण ती लिही. व्यापाऱ्याच्या घरातील मुलीला खात्यात खाडाखोड करणे शोभत नाही, एवढे तिला ठाऊक होते.

याच हिवाळ्यात विद्यापीठाच्या 'कारोलिना रेडिव्हिवा' या जुन्या ग्रंथालयात तिला एक अनपेक्षित भेट झाली. सूचीत भारतीय ग्रंथ शोधताना तिच्यासमोर 'उत्तराध्ययन सूत्र' आले. त्याचे संपादन यार्ल शार्पांत्ये या स्वीडिश पंडिताने केले असून ते 1922 साली याच उप्सलात प्रसिद्ध झाले होते. 1884 मध्ये जन्मलेले शार्पांत्ये पुढे येथेच संस्कृतचे प्राध्यापक होते. 1935 मध्ये त्यांचे निधन झाले. त्याआधी, 1895 साली, जर्मन पंडित हेर्मान याकोबी यांनी या सूत्राचा इंग्रजी अनुवाद केला होता. दिवाळीच्या दिवसांत स्थानकात ज्या छत्तीस अध्ययनांचे वाचन ऐकत ती लहानाची मोठी झाली, त्यांच्यासाठी बर्फाच्या देशातील एका माणसाने आयुष्याची कित्येक वर्षे वेचली होती, आणि तिने स्वतः मात्र ते सूत्र कधी अर्थासह वाचले नव्हते. दहाव्या अध्ययनात पिकून गळणाऱ्या पानाचा दृष्टांत देऊन गौतमाला क्षणभरही प्रमाद न करण्याचा उपदेश आहे. दादीजींना ते अध्ययन मुखोद्गत होते. ग्रंथालयाच्या खिडकीबाहेर उघडी झाडे उभी असताना मुलीने ते पहिल्यांदा समजून वाचले.

हळूहळू तिचे डोळे त्या देशाकडे वळले. उप्सलातच कार्ल लिनियस यांची बाग आहे. वनस्पती आणि प्राणी यांना दोन शब्दांची लॅटिन नावे देण्याची पद्धत रूढ करणारे हे शास्त्रज्ञ याच विद्यापीठात शिकवीत. बागेत हिंडताना तिला एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतची जीवांची मांडणी आठवे. दोन्ही वर्गवारींचे हेतू वेगळे: एकीला ओळख पटवायची आहे, दुसरीला हिंसा टाळायची आहे. परंतु लहानशा जीवालाही नोंदीबाहेर ठेवायचे नाही, ही चिकाटी दोहोंत सारखीच. स्वीडनमध्ये 'सर्वजनांचा हक्क' नावाची जुनी रीत आहे. तिच्यानुसार कुणीही रानावनात, दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवरूनही, पायी हिंडू शकतो, रानफळे वेचू शकतो; घराच्या अंगणात वा उभ्या पिकात मात्र शिरायचे नाही. अट एकच: त्रास द्यायचा नाही आणि नासधूस करायची नाही. कुंपणाचे महत्त्व जाणणाऱ्या व्यापारी घरातील मुलीला हे मोठे विलक्षण वाटले.

स्टॉकहोमच्या सहलीत तिने वडिलांसाठी एक गोष्ट टिपून आणली. सतराव्या शतकात स्वीडनमध्ये तांबे विपुल आणि चांदी दुर्मीळ. म्हणून 1644 पासून तांब्याच्या पत्र्यांचीच नाणी पाडली गेली. त्यांतील दहा डालरचे एक नाणे जवळजवळ वीस किलो वजनाचे! एवढे ओझे वाहण्यापेक्षा कागद बरा, म्हणून 1661 मध्ये स्टॉकहोमच्या एका पेढीने युरोपातील पहिल्या नोटा काढल्या. परंतु पेढीने तिजोरीतील धनापेक्षा अधिक नोटा वाटल्या आणि काही वर्षांतच ती बुडाली. त्यानंतर 1668 मध्ये जी सरकारी बँक उभी राहिली, ती आज जगातील सर्वांत जुनी मध्यवर्ती बँक आहे. वडील फोनवर हसून म्हणाले, "म्हणजे हुंडीचा धडा त्यांनाही शिकावाच लागला. कागदाला किंमत नसते, पत असते." त्याच देशात आज खेड्याच्या रस्त्यालगत भाजीची मांडणी विक्रेत्यावाचून उभी असते, गिऱ्हाईक भाजी उचलते आणि मोबाइलवरून पैसे भरते. बुडालेल्या पेढीपासून या मांडणीपर्यंत पत कशी जमत गेली, हा त्यानंतर बाप-लेकीच्या बोलण्याचा आवडता विषय झाला.

दुसऱ्या वर्षाच्या जूनमध्ये ती मैत्रिणींसह रात्रीच्या गाडीने थेट उत्तरेला, ध्रुववृत्तापलीकडील आबिस्को येथे गेली. वाटेत किरुना लागते. तेथील लोहखनिजाच्या खाणीमुळे जमीन खचत असल्याने सारे गाव टप्प्याटप्प्याने दुसरीकडे हलवले जात आहे. 1912 साली बांधून झालेले तेथील लाकडी चर्चसुद्धा ऑगस्ट 2025 मध्ये अखंड उचलून सुमारे पाच किलोमीटरवर नेले गेले. या प्रदेशात सामी लोक पिढ्यान्‌पिढ्या रेनडियर पाळतात. खाण आणि चराऊ रान यांतील ताण त्यांच्या रोजच्या जगण्यात आहे. विकासाचा हिशेब पुस्तकात वाचणे निराळे आणि कुणाच्या जमिनीवर उभे राहून तो ऐकणे निराळे, हे तिला तेथे जाणवले.

आबिस्कोला मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. मध्यरात्री तळ्याच्या पाण्यावर ऊन पडलेले. मैत्रिणी चेष्टेने म्हणाल्या, "आता तुला कधीही खाता येईल!" शब्द पाहिला तर ते खरेच होते. रात्रीचे अकरा वाजले होते, भूकही लागली होती, आणि नियमाच्या अक्षराला कुठेही बाधा येत नव्हती. हिवाळ्यात सूर्याने तिला पाच तासांत कोंडले होते. आता त्याने सगळी दारे उघडी टाकली होती. तिने दादीजींना विचारले. पलीकडून प्रश्नच आला: "सूर्य मावळत नाही, पण तुझी भूक तरी कुठे मावळते? उपभोगाचे परिमाण सूर्याने ठरवायचे की तू?"

तिने संध्याकाळी सातची मर्यादा स्वतः घातली आणि परतीपर्यंत पाळली. वहीत त्या दिवसांपुढे तिने कोणतेही कारण लिहिले नाही. नियम बाहेरून लादलेला वाटत होता तोवर तो हिवाळ्यात जाच होता आणि उन्हाळ्यात पळवाट. तो आपला झाला तेव्हा सूर्य कोठेही असला तरी चालण्यासारखे होते.

शिक्षण संपवून ती घरी परतली, त्यानंतर थोड्याच आठवड्यांत पर्युषण आले. संवत्सरीच्या प्रतिक्रमणापूर्वी तिने वही दादीजींपुढे ठेवली. नावे बाजू रिकामी नव्हती. दादीजींनी चष्मा लावून पाने चाळली, बेरीज विचारली नाही. त्यांनी एवढेच म्हटले की जिथे 'केवळ भूक' असे लिहिले आहे, ती पाने त्यांना सर्वांत मोलाची वाटतात. संध्याकाळी मुलीने उप्सलाच्या त्या सामाईक स्वयंपाकघरातील सगळ्यांना 'मिच्छामि दुक्कडम्' चा निरोप अर्थासह पाठवला. भोवळ आली तेव्हा पाणी पुढे करणाऱ्या मैत्रिणीला तिने वेगळे लिहिले: त्या दिवशी तुझे पाणी नाकारले, तुझा स्नेह नाकारायचा नव्हता.

मुलामुलींना परदेशी पाठवताना व्यापारी घरे फी, राहणे, विमा, परतीचे तिकीट यांचा चोख हिशेब मांडतात. त्या हिशेबात आणखी एक रकाना असावा. कोणता नियम बरोबर न्यायचा, तो का आहे, आणि तो झेपला नाही तर कोणाला न भिता सांगायचे, हे निघण्यापूर्वी घरात मोकळेपणी बोलले जावे. नुसता नियम दिला तर मूल एक तर तो मोडून लपवते, नाही तर पाळून आजारी पडते. कारण समजावून दिले आणि फोनच्या पलीकडे ऐकणारे माणूस ठेवले, तर साठाव्या अक्षांशावरही त्याला आपली वाट सापडते.