दोरावर पाय देऊ नकोस

पुणे, ८ जानेवारी

प्रिय ताई,



तुझं पत्र परवा मिळालं. निम्म्याहून अधिक पत्र चिरंजीवांच्या तक्रारींनी भरलेलं. थंडी पडली की दर शनिवारी पाठीवर बोजा मारून निघतो, नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्यालाही थांबला नाही, हॉलभर दोराचा पसारा मांडतो आणि त्या दोरावर पाय पडला तर आईवर ओरडतो. बरं, ज्या लिंगाण्याच्या सुळक्यासाठी हे सगळं केलं, त्याच्या माथ्यावर न पोचताच परत आला. ‘मग गेला कशाला?’ असं तू विचारलं आहेस. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून सवडीने लिहायला बसलो.

आधी दोराचं. आईवर आवाज चढवला ही त्याची चूकच, ती त्याला सुनावली आहे. पण चढाईच्या दोराला दोन अंगं असतात. वर दिसतं ते रंगीत विणकाम, आणि त्याच्या आत पांढऱ्या धाग्यांचे पीळ. भार मुख्यतः आतला गाभा पेलतो. दोरावर पाय पडला की तळव्याची बारीक वाळू विणीतून आत शिरते. पुढे दोराला ताण बसला की तिचे कण आतले धागे कापत राहतात, आणि बाहेरून दोर नवाच्या नवा दिसतो. म्हणून ही मुलं कड्याखाली आधी ताडपत्री अंथरतात आणि मगच दोर उलगडतात. घरी आल्यावर ६० मीटरचा दोर चिमटीतून वीत वीत सरकवतात. कुठे पोकळ लागतो, कुठे मऊ पडला आहे, हे डोळ्यांआधी बोटांना कळतं. शंका आली तर तो दोर बाद. हॉलमधला पसारा म्हणजे हे काम. त्यावर सहा-सात जणांचा जीव असतो.

आणि हे हिवाळ्यातच का, तर सह्याद्री बाकीच्या आठ महिन्यांत चढू देत नाही. पावसाळ्यात कातळावर शेवाळ आणि वरून धबधबे. मार्चपासून काळा दगड असा तापतो की बोटं टेकवत नाहीत, तळव्यांना घाम सुटतो आणि पकड निसटते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच काळ दगड कोरडा आणि गार असतो. शहरात नोकरी करणाऱ्याच्या वाट्याला त्यातले सतराएक शनिवार-रविवार येतात. त्यांतले साखरपुडे, बारशी आणि परीक्षा वजा करून जे उरेल ते.

हा नाद काही आजच्या पोरांनी काढलेला नाही. मुंबईत गिरिविहार ही संस्था १९५४ पासून आहे, पुण्यात गिरिप्रेमी १९८२ पासून. कान्हेरीच्या लेण्यांजवळ आणि मुंब्र्याच्या डोंगरात हात साफ करून, शनिवारी रात्रीची एसटी किंवा लोकल पकडून डोंगर गाठणाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या होऊन गेल्या.

लिंगाणा तूही पाहिला आहेस. शाळेच्या सहलीत रायगडावर जगदीश्वराच्या देवळामागे उभं राहून बाईंनी बोट दाखवलं होतं, आठवतं? समोर एकटाच उभा असलेला तो सुळका. समुद्रसपाटीपासून सुमारे २,९७० फूट. शिवकाळात तिथे कैदी ठेवत. मधल्या उंचीवर त्यांची गुहा आहे, पाण्याची टाकी आहेत. वर जाणाऱ्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ साली उद्ध्वस्त केल्या, तेव्हापासून दोराशिवाय तिथे जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

या वेळी मी मोहरीपर्यंत त्यांच्याबरोबर होतो, हे त्याने तुला सांगितलं नसणार. वेल्ह्याच्या पलीकडे, घाटाच्या अगदी कडेवर ते गाव आहे. मुलं ओळखीच्या घरी उतरली. वनखात्याच्या हद्दीत शेकोटी करायची नाही, संरक्षित किल्ल्यावर मुक्काम करायचा नाही, हे ती कसोशीने पाळतात. त्यामुळे तंबू लागले ते घरमालकाला विचारून, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात. धसकटं टोचू नयेत म्हणून खाली आधी पेंढा पसरला. त्यावर चटई, मग पथारी. पांघरुणापेक्षा अंथरुणाकडे लक्ष द्यावं लागतं, कारण थंडी वरून येते त्याहून जास्त जमिनीतून येते. पहाटे तंबूचं कापड आतून ओलं होतं. आपल्याच श्वासाची वाफ तिथे जाऊन गार होते. घरच्या आजींनी चुलीवर नाचणीच्या भाकऱ्या थापल्या, पिठलं केलं. तुझा मुलगा त्यांच्या शेजारी बसून लाकडं पुढे सारत होता. घरी गॅस पेटवत नाही म्हणतेस, तिथे जेवल्यावर आठही जणांची ताटं त्यानेच घासली.

जेवणानंतर कंदिलाच्या उजेडात बोलणी झाली, ती मला महत्त्वाची वाटली. उद्या कोण पुढे चढणार, दोर कोण धरणार, सामान कोण उचलणार. आणि एक वेळ ठरली: दुपारी १ वाजेपर्यंत गुहेच्या वरचा टप्पा झाला नाही तर सगळे परत फिरणार. सगळ्यांनी मान डोलावली. कुणी अत्तर किंवा वासाचं तेल लावायचं नाही, कड्यात ओरडायचं नाही, हेही ठरलं, कारण कपारींत आग्या माश्यांची पोळी असतात. दोराला टांगलेल्या माणसाला पळायला जागा नसते.

पहाटे अंधारातच मुलं बोराट्याच्या नाळेत, म्हणजे कड्यातल्या उभ्या घळीत, उतरली. मी उजाडल्यावर रायलिंगच्या पठारावर दुर्बीण घेऊन बसलो. मध्ये खोल दरी आणि समोर लिंगाणा. हवा स्थिर असली की पलीकडची हाकसुद्धा ऐकू येते.

पठारावरून सुळक्याची घडण नीट कळते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले. कठीण थराचा सरळ कडा आणि दोन कड्यांच्या मध्ये ठिसूळ थराचा घसारा. पाहणाऱ्याला कड्याची भीती वाटते, चढणारा घसाऱ्याला जपतो. तिथलं वाळकं गवत पायाखाली तेल लावल्यासारखं सरकतं आणि हाताला आलेला दगड जागेवर राहीलच असं नाही. एकदा वरून “दगड!” अशी आरोळी आली. खालची सगळी डोकी एकदम कड्याला चिकटली. मग दगड आपटत गेल्याचा आवाज, आणि नंतर बराच वेळ काही नाही.

तुझा मुलगा पुढे चढणारा नव्हता. तो बिलेयर होता, म्हणजे पुढच्याचा दोर धरणारा. हे काम दिसायला काहीच नाही. सुळक्याच्या पायथ्याच्या खिंडीजवळ, अरुंद जागेवर, स्वतःला दगडातल्या बोल्टला बांधून घेऊन, मान वर करून उभं राहायचं. वरचा हातभर सरकला की हातभर दोर सोडायचा. जास्त सोडला तर पडणारा अधिक खोल पडतो, कमी सोडला तर त्याचा तोल जातो. खालचा हात दोरावरून एक क्षणही सुटता कामा नये. माशी नाकावर बसली तरी नाही. पहिल्या टप्प्याला पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात दुर्बिणीतून मी त्याचाच हात पाहत होतो. वरचा मुलगा एका जागी अडला, त्याचा पाय थरथरायला लागला. खाली याने दोर किंचित आवळला आणि अगदी हळू, जवळ बसलेल्याशी बोलावं तसं काहीतरी म्हणाला. शब्द माझ्यापर्यंत आले नाहीत. वरचा पाय स्थिर झाला.

ताई, हे त्याला वर्गात किंवा ऑफिसात कुणी शिकवलेलं नाही.

गुहेपर्यंत पोचायला साडेबारा झाले. एका मुलीच्या पोटरीत गोळा आला होता. बाकीचे ताजे होते, माथा डोळ्यांसमोर होता आणि ऊन छान पडलं होतं. पण हिवाळ्याचा दिवस जेमतेम ११ तासांचा. आठ जणांना दोराने एक टप्पा उतरायला तास सहज जातो, त्यानंतर नाळेतल्या मोठाल्या धोंड्यांतून वर चढायचं. एकच्या सुमाराला दोर वर जाण्याऐवजी खाली पडताना दिसला, तेव्हा मला कळलं की ते ठरल्याप्रमाणे फिरले. सगळे मोहरीत परतले तेव्हा दिवे लागले होते. माथा हुकल्याबद्दल कुणी त्या मुलीला एक शब्द बोललं नाही.

डोंगरात धोका नाही, असं मी तुला खोटं सांगणार नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जानेवारी २०२० मध्ये अरुण सावंत अपघातात गेले. चार दशकं सह्याद्रीत काढलेला माणूस. अनुभवाने धोका संपत नाही, हे आपल्याकडच्या प्रत्येक चढणाऱ्याच्या मनात त्या दिवसापासून कोरलेलं आहे. आणि मला खरी धास्ती वाटते ती वेगळ्याच मंडळींची. गेल्या वर्षी एका सुळक्याखाली पैसे घेऊन नेलेले चाळीसेक लोक पाहिले. हेल्मेटचे पट्टे तुटके, काहींचे सुतळीने बांधलेले, वरच्या आधाराची तपासणी कुणी केलेली नाही आणि खाली रांग लागलेली. अशा ठिकाणी अपघात झाले की रात्री-बेरात्री दरीत उतरतात ती लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची मुलं, आपापली नोकरी-धंदा सांभाळून. तुझा मुलगा कुणाबरोबर जातो ते जरूर विचार. परत फिरायची वेळ ठरली आहे का, तेही विचार. तो हक्क तुझा आहे, आणि त्याला ते आवडेल.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी ती सगळी जीवधन किल्ल्याजवळच्या वानरलिंगी सुळक्यावर जाणार आहेत. तो तुला सांगायला कचरतो आहे. तिळाच्या वड्या करशील तर जरा जास्त कर. आठ जण आहेत आणि मुक्कामाच्या घरी लहान मुलं आहेत. माळ्यावरची बाबांची घोंगडीही काढून ठेव, ती मीच येऊन नेईन. आणि हॉलमध्ये दोर पसरलेला दिसला तर एकदा त्याच्याशेजारी बस, दोराचं एक टोक हातात घे. चिमटीतून कसा सरकवायचा ते तो दाखवेल.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
भाऊ