तळ दिसला पाहिजे!

कोल्हापूरच्या पोराला पोहायला शिकवावं लागत नाही, असं आपल्याकडे मोठ्या अभिमानानं सांगतात. पाठीला डबा बांधायचा आणि विहिरीत ढकलायचं, की झालं! पण २००८ साली आपला वीरधवल खाडे बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला, तो टँकमध्ये. विहिरीचं पाणी निसर्ग सांभाळतो. टँकचं कोण सांभाळतं?

मी जातो त्या टँकवर एक मामा आहेत. शिक्षण सातवी. पण रोज पहाटे फिनॉल रेडचे थेंब टाकून पीएच बघणार. ७.२ ते ७.८ च्या मध्ये हवा. खाली गेला तर पाणी टाइल्समधलं सिमेंट खातं, वर गेला तर क्लोरीन नुसता नावाला!

एका मे महिन्यात बोअरचं पाणी भरलं. काचेसारखं स्वच्छ! क्लोरीन पडला आणि पाणी चहाच्या रंगाचं झालं. विरघळलेल्या लोहाचा गंज होऊन टाइल्सवर तांबूस डाग बसले. मामांनी व्हिटॅमिन सीची गोळी डागावर घासली. डाग फिका झाला. "लोखंडच हाय बघ!" मोरचुदाचे डाग मात्र निळे-हिरवे पडतात. पोहणाऱ्यांचे केस हिरवे होतात तेही तांब्यामुळं, क्लोरीनमुळं नव्हे.

दुसऱ्याच दिवशी उन्हाळी शिबिर होतं. फी भरलेले पालक गेटवर भांडायला आले. मामा हलले नाहीत. "तळ दिसत न्हाई. पोरगं खाली गेलं तर कुणाला दिसणार?" तुरटी फिरवून, गाळ बसवून, फिल्टर उलटे धुऊन तीन दिवसांनी तळाची जाळी दिसली, तेव्हाच कुलूप निघालं.

मित्रांनो, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये डायव्हिंगचा टँक हिरवागार झाला होता. कुणीतरी ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं, त्यानं क्लोरीन मारला आणि शेवाळ माजलं. तिथं यंत्रं कमी होती का? पण रोज पाण्याकडं बघणारा माणूस लागतो.

ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एका बादलीत कधी आणायची नाही, विषारी वायू सुटतो, हेही मामांनीच बजावलं. ते स्वतः मात्र हातमोजे, मास्क न घालता ही कामं करतात, कारण ते कुणी आणूनच दिलेले नाहीत. आपण उद्या इंजिनिअर होऊन प्लँट उभारू. त्याच्या एस्टिमेटमध्ये अशा मामांचे हातमोजे आणि मास्क धरणार ना?