लिहाले कधी शिकवता जी?

आंबागड भागातल्या अंगणवाड्यांमध्ये फिरताना हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला आहे. कडेवरचं मूल खाली ठेवता ठेवता आईनं विचारला, खर्रा घोटत बसलेल्या आजोबांनी विचारला, एकदा ग्रामसभेत भर बैठकीत उठला. तीन वर्षांचं पोर सहा महिन्यांपासून अंगणवाडीत जातंय, खिचडी खातंय, गाणी म्हणतंय, पण पाटीवर अजून 'अ' नाही. मग ती बाई करते तरी काय?

पर्यवेक्षिका म्हणून माझं बरंचसं आयुष्य तुमसर तालुक्यात गेलं. सातपुड्याच्या पायथ्याची ही गावं. वर गोंड राजा बख्त बुलंद शहाच्या काळात राजा खान पठाणानं बांधलेला किल्ला, खाली धानाच्या बांध्या, आणि पलीकडे चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी. घरात कुठे पोवारी, कुठे गोंडी, बाकी झाडीबोली. या प्रश्नाला मी पूर्वी बालमानसशास्त्राच्या भाषेत उत्तर द्यायची. आता हाडांपासून सुरुवात करते.

मोठ्या माणसाच्या मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मलेल्या बाळाच्या मनगटात त्यांतलं बहुधा एकही हाड झालेलं नसतं, तिथे नुसती कूर्चा असते. तिसऱ्या वर्षाच्या आसपास तीनेक हाडं दिसू लागतात, बाकीची सहा-सात वर्षांपर्यंत हळूहळू येतात आणि शेवटचं तर त्याच्याही नंतर. ज्या सांध्यावर पेन्सिलीचा सगळा तोल, तोच अजून तयार व्हायचा आहे. म्हणून हे वय मुठीत धरण्याचं, चिमटीत उचलण्याचं, मळण्याचं, ओतण्याचं. बोटांना ताकद आली की अक्षर मागाहून येतंच, आणि चांगलं वळणदार येतं. घाई केली तर मूल पेन्सिल मुठीत आवळून धरतं, कागद फाडतं, आणि तशी धरण्याची सवय पुढे कितीतरी दिवस सुटत नाही.

पण एका आईशी बोलताना मला या हाडांपेक्षा चांगला मुद्दा सापडला. मी तिला विचारलं, "मोठ्या पोरीला रोवणीला बांधीत कधी उतरवलं?" ती म्हणाली, "दहा-बारा वर्सांची झाल्यावर. त्याच्या आधी रोप सरळ बसतच नाही जी, वर तरंगते." अंगठा आणि दोन बोटांत पऱ्हे धरून चिखलात नेमक्या खोलीवर बसवायचं काम ती जन्मभर करत आली होती. बोटं कधी तयार होतात हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. फक्त पेन्सिलीच्या बाबतीत तिनं ते कधी लावून पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे बोटांना काम देणारा सगळ्यांत मोठा सण म्हणजे पोळा. तलावाकाठची माती आणून पोरं बैल करतात. पाय टेकत नाहीत, बैल बसतो. मग पाय जाड होतात. शिंगं मात्र चिमटीनंच ओढावी लागतात, त्याला दुसरा उपाय नाही. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी नंदी सजवून घरोघर जायचं आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घ्यायचा. त्या दिवशी मी मुद्दाम एखाद्या चार वर्षांच्या मुलाशेजारी बसते. एका हातावर दहाची नोट ठेवते, दुसऱ्यावर रुपयाची चार नाणी. बहुतेक पोरं नाणी घेतात. आजूबाजूची माणसं हसतात, पण ते पोर चुकलेलं नसतं. त्याच्या हिशेबात चार वस्तू एका वस्तूपेक्षा जास्तच आहेत.

प्रशिक्षणात सेविकांना मी हाच प्रयोग चिंचोक्यांवर करायला लावते. पाच चिंचोके जवळ जवळ मांडा, त्यांच्याखाली पाच लांब लांब. कुठे जास्त? शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारं मूल लांब रांगेवर बोट ठेवतं. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेनं हे गेल्या शतकात दाखवून दिलं, पण ते पुस्तकात वाचणं वेगळं आणि आपल्याच अंगणवाडीतल्या 'हुशार' पोरानं तोंडावर मारणं वेगळं. सेविकांचे चेहरे तेव्हा पाहण्यासारखे असतात. त्या दिवसानंतर अंक पाठ करून घेण्याचा जोर आपोआप उतरतो आणि प्रत्येक ताटात एक चमचा, प्रत्येक मुलाला एक चटई अशी कामं सुरू होतात. मोजणं तिथून उगवतं.

हे सगळं महाराष्ट्राला नवं नाही, हेच मला अस्वस्थ करतं. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या, आणि पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. माँटेसरीची महागडी साधनं त्यांनी बाजूला ठेवली. शंख-शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. आदिवासी पाड्यातली पोरं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊन बसवली. मोठ्या मुली शाळेत का येत नाहीत याचं उत्तरही त्यांनी शोधलं: कडेवर धाकटं भावंड असतं म्हणून. मग विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. धाकट्याला पाळण्यात टाकायचं आणि ताईनं पलीकडच्या वर्गात बसायचं.

आंबागडच्या रोवणीत मला ताराबाई रोज आठवतात. जुलै-ऑगस्टमध्ये बायका सकाळीच बांधीवर जातात. दोन वर्षांचं पोर धुऱ्यावर छत्रीखाली, नाहीतर आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. अंगणवाडीची वेळ ठरलेली, रोवणीची वेळ पावसाची. 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत सहा सेवा आहेत. शाळापूर्व शिक्षण ही त्यांतली एकच. आहार, लसीकरण, तपासणी, आरोग्यशिक्षण, संदर्भसेवा, सगळं त्याच एका सेविकेवर आणि एका मदतनिसावर. वजन-उंची पोषण ट्रॅकरमध्ये भरली नाही तर विचारणा होते. गोष्ट सांगितली नाही तर कुणी विचारत नाही. गोष्ट मागे पडते ती अशी.

त्यात कॉन्व्हेंट. आमच्या विदर्भात इंग्रजी नावाची कुठलीही नर्सरी म्हणजे कॉन्व्हेंट. सकाळी व्हॅन येते, टाय लावलेली पोरं चढतात, संध्याकाळी वहीभर ए-बी-सी-डी घेऊन उतरतात. आईबापांना मी दोष देत नाही. वही दिसते, बोटांतली ताकद दिसत नाही. आणि अंगणवाडीतही काही वेगळं घडतं असं नाही. घरून 'कारा', 'डोरा' म्हणत आलेल्या पोराला पहिल्याच आठवड्यात 'काळा, डोळा म्हण' असं बजावलं की ते बोलायचंच थांबतं. ळ काय, शाळेत पुढे येईलच. बोलणं थांबलं तर ते परत आणायला वर्ष जातं. पोवारी बोलणाऱ्या गावात पोवारी बोलणारी सेविका असली की हे प्रश्न निम्मे होतात, असा माझा अनुभव आहे.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला. कागदावर अंगणवाडी आणि पहिली-दुसरी एका कुटुंबात आली. गावात मात्र सेविका आणि पहिलीचे गुरुजी एकमेकांना पोलिओच्या रविवारीच भेटत. म्हणून मी एका गावातल्या गुरुजींना विनंती केली, "जून लागण्याआधी आमच्याकडे एक सकाळ बसा, काही शिकवू नका." ते आले. एक पोरगी चिंचोके, सागरगोटे आणि गुंजा वेगळ्या करत होती, मग प्रत्येक ढिगातून एकेक घेऊन ओळ लावत होती, चुकली की स्वतःच मोडून परत लावत होती. कुणी तिला काही सांगत नव्हतं. गुरुजी बराच वेळ बघत राहिले आणि निघताना म्हणाले, "हे डबे आमच्या पहिलीला पाठवता का जी?"

सेविकेनं डब्यांची झाकणं लावली. "हे पोरांनी जमवलेत, गुरुजी. चिंचेखाली पुष्कळ पडलेत, तुमच्या पोरांना घेऊन जा."