पेटीतले कागद जपा

आम्ही कारकून. जुन्या कागदांची धूळ आमच्या रोजच्या ओळखीची. याच धुळीतून सेतुमाधवराव पगडींनी इतिहास काढला. १९१० साली निलंग्यात जन्मलेले पगडी निजामाच्या नोकरीत होते. फारसी-उर्दू कागद वाचण्यात त्यांनी हयात घातली. आदिलाबादच्या गोंडांची भाषा शिकून गोंडी व कोलामीची व्याकरणे लिहिली. १९९४ साली ते गेले.

आपला बीड जिल्हाही १९४८ पर्यंत निजामाकडेच होता. आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत वतनाचा एक उर्दू कागद होता. जाणत्याकडून वाचून घेतला, तर त्यात आमच्या पणजोबांचे नाव निघाले! बंधू-भगिनींनो, वाचता येत नाही म्हणून कागद चुलीत घालू नका. राजांचा इतिहास विद्वान लिहितील. आपल्या वस्तीचा आपणच लिहायचा आहे.