मुठेलाच्या गावी

कुडाळहून वेंगुर्ल्याकडे जाणारा रस्ता मार्गशीर्षात फार देखणा दिसतो. भातकापणी उरकलेली असते. मळ्यांतून कुळीथ आणि चवळी डोके वर काढत असतात. सकाळी उशिरापर्यंत धुके माडांच्या शेंड्यांना बिलगून राहते आणि ऊन वर आले की जांभ्या दगडाचे गडगे तांबूस उजळतात. कोकणात या दिवसांतही कडाक्याची थंडी अशी पडत नाही. परंतु हवेतला दमटपणा ओसरतो आणि कोरडा वारा त्वचेतला ओलावा टिपून नेऊ लागतो. पावसाळ्याच्या ओलाव्याला सरावलेल्या कातडीला हा बदल लगेच जाणवतो. ओठ फुटतात, नडग्यांवर पांढुरके पापुद्रे धरतात आणि वयस्कर माणसांच्या टाचांना भेगा पडतात.

या भेगांवरचा घरगुती उपायही इथल्याच मातीत उगवतो. निमुळत्या शेंड्याचे, झुकलेल्या फांद्यांचे कोकमाचे झाड इथे बहुतेक प्रत्येक परसात दिसते. त्याच्या फळाला रत्नागिरीकडे रातांबा म्हणतात, तर गोव्याच्या बाजूला भिरंड. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ अशा कोकमाच्या जाती बागायतदारांना दिल्या आहेत. पण घराघरांतले कोकम बहुधा आजोबा-पणजोबांच्या वेळचे, कुणी मुद्दाम न लावलेले असे असते. एप्रिल-मे महिन्यांत फळे पिकली की पावसाने गाठण्याआधी ती उतरवण्याची धांदल उडते. साल वेगळी करून, तिला रसाची पुटे देत उन्हात वाळवली की आमसूल होते. मीठ घातलेला रस आगळ म्हणून बाटल्यांत जातो. साखरेत मुरलेल्या सालींचे सरबत होते. शेवटी उरतात त्या बिया. शहरात कोकम पोहोचते ते या बिया मागे ठेवूनच; म्हणून आमसूल ठाऊक असलेल्या अनेकांना कोकमाचे तेल ठाऊक नसते.

या रस्त्यालगतच्या एका घरी ते तेल काढण्याचे काम पाहायला मिळाले. मे महिन्यात धुऊन, खडखडीत वाळवून ठेवलेल्या बियांचे पोते माळ्यावरून खाली आले होते. शेतीची कामे संपली की सवडीने तेल काढायचे, असा तिथला रिवाज. बिया उखळात घालून हलक्या हाताने कांडल्या, सुपात पाखडून टरफले वेगळी केली. आतला गर पूर्वी पाट्यावर वाटत. आता तो मिक्सरमध्ये फिरवतात. हा लगदा मोठ्या टोपात भरपूर पाणी घालून चुलीवर चढवला. पाणी रटरटू लागल्यावर हळूहळू वर तवंग जमू लागला. तो पळीने अलगद काढून दुसऱ्या भांड्यात घेतला, पुन्हा तापवून त्यातला पाण्याचा अंश उडवला आणि कापडातून गाळला. निवू लागताच तेल तुपासारखे थिजले. ते पूर्ण घट्ट होण्याआधी मुठीत दाबून त्याचे लांबट गोळे वळले. मुठीत वळलेले तेल म्हणून त्याचे नाव मुठेल. कुणी त्याला भिरंडेल म्हणतात, कुणी नुसतेच कोकमतेल. पिवळसर पांढऱ्या गोळ्यांवर वळणाऱ्या बोटांचे ठसे तसेच राहिले होते. बियांच्या वजनाच्या साधारण चौथा हिस्सा स्निग्धांश असतो. घरगुती पद्धतीने तो सगळा हाती लागत नाही. सकाळभराच्या कष्टातून जेमतेम परडीभर गोळे झाले.

या गोळ्याचा गुण त्याच्या घडणीत आहे. कोकमतेलात स्टिअरिक आणि ओलेइक ही स्निग्धाम्ले प्रामुख्याने असतात. त्यांच्यामुळे ते साध्या तापमानाला घट्ट राहते आणि साधारण 38 ते 42 अंश सेल्सिअसला वितळते. आपल्या त्वचेचे तापमान त्याहून थोडे कमी असल्याने गोळा अंगावर एकदम पाघळत नाही. चोळल्यावर मऊ होतो आणि त्वचेवर पातळ थर धरून राहतो. हा थर त्वचेला नवे पाणी देत नाही, असलेले पाणी उडून जाऊ देत नाही. वाढत्या वयात त्वचेतील तैलग्रंथींचे काम मंदावते आणि बाहेरच्या थरातील स्निग्धता कमी होते. म्हणूनच वृद्धांची त्वचा कोरडी पडते, खाजते आणि जरा ताण येताच भेगाळते. जी स्निग्धता शरीर पूर्वी स्वतः पुरवीत असे, ती बाहेरून द्यायची, एवढेच या उपायाचे मर्म. त्यात चमत्कार नाही, पण उपयोग आहे.

त्या घरात हे तेल ज्यांच्यासाठी निघत होते, त्या आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. पडवीतल्या बाकड्यावर बसून त्या सगळ्या कामावर लक्ष ठेवून होत्या. उभे आयुष्य अनवाणी शेतात गेलेले. टाचांच्या भेगा खोल. त्यांच्या सासूबाई मुठेलाचा तुकडा पळीत घेऊन निखाऱ्यावर कढवीत आणि ते कढत थेंब भेगेत सोडीत. आजींनाही तेच हवे होते. ‘‘तेल कडत केल्याबिगर गुण येवचो नाय,’’ त्या ठामपणे म्हणाल्या. सुनेने पळी बाजूला ठेवली. ‘‘चटको बसलो तरी तुमका कळाचो नाय, आये,’’ ती हळू आवाजात म्हणाली.

या एका वाक्यात साऱ्या प्रश्नाचे गांभीर्य होते. आजींना वीस वर्षांपासून मधुमेह आहे आणि त्यांच्या तळव्यांची संवेदना बोथट झालेली आहे. सासूबाईंच्या काळी कढत थेंबाने चटका बसला की पाय आपोआप मागे येई. ती वेदनाच राखण करीत असे. जिथे ही राखणदार वेदनाच उरलेली नाही, तिथे तोच उपाय पाय भाजू शकतो. मधुमेहात अशी जखम लवकर भरत नाही, चिघळते आणि कधीकधी पाय गमावण्यापर्यंत मजल जाते. परंपरेने दिलेले द्रव्य उत्तम असले, तरी ते वापरण्याची रीत माणसाच्या प्रकृतीप्रमाणे बदलावी लागते. आजी काही वेळ गप्प राहिल्या. मग सुनेने कोमट पाण्यात त्यांचे पाय धुतले. पाणी आधी स्वतःच्या कोपराने तपासून घेतले. पाय टिपून कोरडे केले, मुठेलाचा तुकडा आपल्या तळहातांत चोळून मऊ केला आणि टाचांना हळूहळू जिरवला. आजींचा चेहरा निवळला. ऊब हवी होती ती त्यांना मिळाली होती. ती निखाऱ्याची नव्हती इतकेच.

कोकणाबाहेरच्या वाचकांनाही हे मलम घरी करता येते. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि गोव्याच्या बाजारांत मुठेलाचे गोळे मिळतात. नुसता गोळा कठीण वाटत असेल, तर एक भाग मुठेल आणि दोन भाग खोबरेल घ्यावे. घाटावरच्या थंडीत खोबरेलही थिजते, म्हणून तिथे त्याऐवजी तिळाचे तेल बरे. मुठेल किसून कोरड्या वाटीत घालावे, ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावी. गोळा वितळला की तेल मिसळून मिश्रण लगेच खाली उतरवावे. धुऊन पूर्ण वाळवलेल्या, रुंद तोंडाच्या लहान बरणीत ते ओतावे आणि निवल्यावर झाकण लावून वर तारीख लिहावी. वाटी, चमचा, बरणी यांपैकी कशालाही पाण्याचा थेंब लागलेला नसावा. पाण्याशिवाय जंतूंना वाढता येत नाही. निव्वळ तेलाचे मलम महिनोन्‌महिने टिकते ते त्यामुळेच. कोरफडीचा गर, दूध, गुलाबपाणी असे काही त्यात मिसळले की हा टिकाऊपणा संपतो. लिंबाचा रस, खाण्याचा सोडा किंवा सुगंधी अर्कही घालू नयेत. वृद्धांच्या पातळ झालेल्या त्वचेला ते झोंबतात. मलमाला खवट वास येऊ लागला की ते टाकून द्यावे.

पहिल्यांदा वापरताना थोडेसे मलम कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. लाली, खाज वा पुरळ आले नाही, तर पुढे जावे. अंघोळीचे पाणी कढत नको, कोमट असावे. साबण बेताचाच लावावा. अंघोळीनंतर अंग टिपून घ्यावे आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच मलम लावावे, म्हणजे तो ओलावा आत राहतो. पायांच्या बोटांच्या बेचक्यांत मात्र ते लावू नये. तिथे ओल साठून बुरशी वाढते. उघड्या, रक्त येणाऱ्या भेगेत किंवा जखमेतही ते भरू नये. भेगांच्या कडा पात्याने कापणे सर्वस्वी टाळावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. तेलकट तळव्यांनी फरशीवर चालणे वृद्धांना फार धोक्याचे आहे. टाचांना मलम लावायचे ते रात्री, अंथरुणावर पडल्यावर. वर सैल सुती मोजे घालावेत आणि रात्री उठण्याची वेळ आली तर तळवे पुसून, न घसरणाऱ्या चपला घालूनच उठावे. पुसायचे फडके उशाशी ठेवलेले असावे. घरी प्राणवायूची नळी लावलेल्या रुग्णाच्या नाकाला वा ओठांना कोणतेही तेलकट मलम लावू नये. प्राणवायूच्या सान्निध्यात स्निग्ध पदार्थ सहज पेट घेतात.

घरगुती उपायाला मर्यादाही असते. भेगेभोवती लाली किंवा सूज आली, स्राव वा दुर्गंधी जाणवली, कातडी काळवंडू लागली किंवा जखम भरेनाशी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह असणाऱ्यांनी तर साध्या जखमेचाही उपचार घरी करत बसू नये. सर्वांगाला खाज सुटून ती मलमाने कमी होत नसेल, तर मूत्रपिंड, यकृत किंवा थायरॉईडचा विकार, अथवा चालू असलेले एखादे औषध, हेही कारण असू शकते.

वेंगुर्ल्याच्या बाजारात पुढे मुठेलाचे दोन गोळे विकत घेतले. विकणारी बाई ते पानात बांधून देताना म्हणाली, की हल्ली तरुण मुली याला विचारीत नाहीत. बिया फुकट जातात. ते ऐकून वाईट वाटले, पण चिंता वाटली ती निराळ्या गोष्टीची. ट्यूबमधले चांगले मलमही टाचा मऊ करते. काम त्यानेही होते. मुठेलाबरोबर जी सवय नाहीशी होऊ शकते, तिला मात्र पर्याय नाही. गोळा घट्ट असतो, त्याला चोळायला वेळ लागतो आणि त्या वेळात चोळणाऱ्याचे डोळे व बोटे तळव्याच्या कणाकणावरून फिरतात. नवी चीर, रुतलेला काटा, चपलेने उठलेला फोड, बोटांमधली ओल हे सारे तेव्हाच नजरेस पडते. ज्यांच्या तळव्यांना स्वतःची दुखापत कळत नाही, त्यांच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी रोज पाच मिनिटे ती शोधायला हवी. घरी एकटेच राहणाऱ्यांनी जमिनीवर आरसा ठेवून तळवा त्यात पाहावा. मुठेल मिळो वा न मिळो, हे काम आज रात्रीपासून सुरू करता येण्याजोगे आहे.