रग आणि सणक

१८३० च्या सुमारास बायजाबाई शिंदे यांनी बांधविलेला काशीचा शिंदे घाट आपल्याच भाराने खचला, अशी समजूत आहे; पायथ्याचे रत्नेश्वर मंदिर कललेले आहेच. वरच्या गल्लीतील त्या मराठी वृद्धेचे गुडघेही कैक वर्षे दुखत. परंतु नित्य स्नानाच्या निमित्ताने पायऱ्यांची चढउतार होई, सांधे हलते राहत. २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी आली, पायऱ्या सुटल्या आणि दुखणे बळावले.

दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियमही केंद्राने त्याच दिवशी प्रसृत केले होते. वृद्धेला व्यायाम शिकवू लागली ती बनारसचीच एक तरुणी, पण पडद्यावरून. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाच अंक मोजेपर्यंत ती दाबून धरावयाची, एवढेच. मात्र एरवी बोटांनी चाचपून जे कळते, ते येथे शब्दांनीच कळवावयाचे. 'दर्द' म्हटले की व्यायाम थांबे. मराठीत स्नायू शिणला की रग लागते, ती सोसावयाची असते. सणक निघाली तरच थांबावे. आणि हिंदीत 'रग' म्हणजे शीर, 'सनक' म्हणजे लहर! भाषाभगिनींची ही तऱ्हा. पहिले काही दिवस व्यायामापेक्षा या दोन शब्दांतच अधिक गेले. पुढे पलीकडून प्रथम हाच प्रश्न येऊ लागला : "माताजी, आज रग है या सणक?"