पडद्यामागची वही

आमची भाची सोलापुरात एका कला संस्थेत सहायक निर्माती आहे. पाहुणेरावळे विचारतात, "म्हणजे नाटकात काम करते का?" आम्ही म्हणायचो, "नाटकात नाही, पण नाटकातच असते." याहून जास्त आम्हांलाही सांगता येत नसे. म्हणून एका डिसेंबरात आम्ही दोघे, मामा आणि मामी, कुर्डुवाडीहून गाडीत बसलो.

हा सुमारे ८० किलोमीटरचा रस्ता आम्हांला नवा नाही. रेल्वे कारखान्यात आयुष्य गेले. दवाखाना, लग्नाचा बस्ता, सोलापुरी चादरी, एवढ्यासाठी सोलापूर. तिथले नाट्यगृह मात्र आम्ही रस्त्यावरूनच पाहिलेले.

भाची चार पुतळ्यांपाशी उभी होती. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. सोलापुरात १९३० साली लष्करी कायदा लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्यात फाशी दिली. चौघे चार समाजांचे. त्यांच्याच नावाने महापालिकेचे नाट्यगृह आहे, हुतात्मा स्मृती मंदिर. "जयभीम मामा, जयभीम मामी, चला, माझा कारखाना दाखवते," म्हणत ती आम्हांला मागच्या दाराने आत घेऊन गेली.

रिकामे नाट्यगृह आम्ही पहिल्यांदाच पाहिले. रंगमंचावर एकजण शिडीवर चढून दिवे बांधत होता, दुसरा तारा ओढत होता. भोपाळला भारत भवन १९८२ साली सुरू झाले. तिथे नाटक, चित्रे, संगीत आणि कविता एकाच जागी नांदतात. भाचीच्या संस्थेला स्वतःची अशी वास्तू नाही. आज नाटक, उद्या शाहिरी, परवा मुलांचा नाच किंवा चित्रांचे प्रदर्शन, जे असेल त्यासाठी सभागृह भाड्याने घ्यायचे. निर्माता कार्यक्रम ठरवतो, पैसा उभा करतो. तो कार्यक्रम वेळेवर उभा करण्याचे काम सहायकाचे.

तिच्या हातात एक जाड वही होती. आम्ही ती चाळली. सभागृहाची तारीख आणि अनामत रक्कम. नाटकाच्या संहितेला रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र. पोलिसांची परवानगी. दिवे आणि ध्वनीचे भाडे. नेपथ्याचा टेम्पो कुठे थांबेल. कोणाला भाकरी, कोणाला भात, कोणाला मधुमेह. सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी माणसे आहेत, तेव्हा जाहिरात कोणत्या वस्तीत कोणत्या भाषेत लावायची, हेसुद्धा त्या वहीत होते.

त्या संध्याकाळी शाहिरीचा कार्यक्रम होता. दुपारी हलगीवाला आला आणि आमच्या मामांचा चेहरा उतरला.

कारण सांगायला हवे. मामांचे वडील गावात हलगी वाजवत. जत्रा असो, लग्न असो, मयत असो, बोलावणे आले की जायचे. मजुरी नाही. उंबऱ्याबाहेर बसायचे आणि मिळेल तो तुकडा घेऊन यायचे. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर वडिलांनी खुंटीवरची हलगी काढली, ती पुन्हा हातात घेतली नाही. गावाने बोलणे टाकले, तरी घेतली नाही. आणि आता त्यांचीच नात हलगीवाल्याला बोलावून आणते!

मामा म्हणाले, "पोरी, जे आम्ही टाकले ते तू उचलतेस?"

ती रागावली नाही. "आजोबांनी वाजवणं नाही सोडलं मामा, फुकट राबणं सोडलं," एवढे म्हणून तिने वहीचे एक पान पुढे केले. हलगीवादकाचे पूर्ण नाव, जाण्यायेण्याचे भाडे, राहण्याची खोली, जेवण आणि मानधन. ढोलकीवाल्याला जेवढे, तेवढेच त्याला. मामांनी ते पान दोनदा वाचले.

थंडीत हलगीचे चामडे सैल पडते. ते तापवल्याशिवाय आवाज खणखणीत निघत नाही. नाट्यगृहात तर विस्तव चालत नाही. भाचीने मागच्या मोकळ्या जागेत घमेल्यात कोळसे, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या, वाळू आणि राखण करायला एक माणूस अशी सोय सकाळीच लावली होती. तिथे हलगीवाल्याला बसायला खुर्ची होती. मामा जाऊन त्याच्याजवळ बसले. काय बोलले ते विचारले नाही.

तिसरी घंटा झाली. आम्ही विंगेतून पाहत होतो. छापील पत्रिकेत गायकांची नावे होती आणि बाकीच्यांसाठी "साथसंगत" एवढाच एक शब्द. भाचीने सर्वांची नावे कागदावर लिहून निवेदकाच्या हातात दिली. हलगीवाल्याचे नाव माईकवरून उच्चारले गेले तेव्हा तो क्षणभर वाजवायचा थांबला, मग दुप्पट जोराने वाजवू लागला.

कार्यक्रम संपून लोक गेले, पण भाची गेली नाही. पाकिटे वाटणे, सह्या घेणे, दिवे मोजून परत देणे, सगळे झाल्यावर ती शेवटी जेवली. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. हलगीवाल्याने सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. मामा ती सही होईपर्यंत उभे होते.

हे काम सोपे नाही. वेळेचा नेम नाही, पैसे कधी उशिरा येतात, मुलीच्या घरी परतण्याची काळजी असतेच. पण वाजवणारे हात आपले आणि हिशेबाची वही दुसऱ्याची, असे फार दिवस चालले. मुलामुलीला कलेची ओढ असेल तर त्यांना हेही शिकू द्या. दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासून आहे, पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र १९८७ पासून. तिथे जाऊन चौकशी करायला काय हरकत आहे?

परवा शेजाऱ्यांनी पुन्हा विचारले, "भाची नाटकात काय करते?" मामा म्हणाले, "वही लिहिते. कोणाचे नाव राहू नये म्हणून."